शेंदराखालचा दगड

दगडाच्या तीन बाजू ओबडधोबड होत्या. चौथी तेवढी शेंदराने जाड लिंपलेली. गुलाबी खडकात तिळाएवढे सोनेरी कण चमकत होते. त्या दगडाभोवती अर्धं दापोडं गाव दाटीवाटीने उभं होतं.

महादूच्या शेतात पुरुषभर खड्डा खणवून मांत्रिक मोरूबुवाने तो वर काढला होता. खाली सोन्याची शीर आहे, असं तो शपथेवर सांगे. मोबाइलवर ऐकलेलं ज्ञानही तो मंत्रात कालवी: ग्रॅनाईट म्हणजे सोन्याची आई, आणि लेकरू हवं तर आईला रक्त पाजावं लागतं. शिरेचा राखणदार महादूच्या सुनेच्या, निशाच्या अंगात बसलाय, हेही एकट्या बुवालाच दिसलं होतं.

म्हणून निशाचे केस तिच्या नवऱ्याने, हितेशने, मुठीत आवळले होते आणि बुवाचा ओला दोर तिच्या पाठीवर पडत होता. कातडी सोलवटली, ओठ फुटला. रक्त दगडावर ठिबकलं तशी गर्दीने हात जोडले.

महादूची मुलगी उन्नती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. बुवाच्या सांगण्यावरून दादा वहिनीला मारतो, हे तिला ठाऊक होतं. तक्रार कर, असं ती दर वेळी म्हणे. ‘बघू’ म्हणून वहिनी डोळे पुसे. आज उन्नती गर्दी फोडून आत घुसली आणि पुढचा तडाखा तिच्या मनगटावर बसला. तिने दोर धरला तो सोडलाच नाही.

“बाजूला हो, पोरी. राखनदार तुलापन धरंल,” बुवा गुरकावला.

“धरू दे. आधी हा शेंदूर धुते.”

तिने पूजेचा कलश दगडावर उपडा केला आणि शेंदूर हाताने खरवडून काढला. चौथी बाजू आरशासारखी चकाकली. कड करवतीने कापलेली, सरळ.

“अगं बया,” शेजारची ठमाबाई म्हणाली, “ह्यो तर माज्या सैपाकाच्या ओट्याचा भाऊ हाय.”

उन्नतीने नखाने एक सोनेरी कण उचकटला. त्याचा पातळ पापुद्रा निघाला. अभ्रक.

“बुवा अर्धं खरं बोलला,” ती म्हणाली. “जमिनीखाली खोलवर ग्रॅनाईटचा तप्त रस खडकांत घुसतो, सावकाश थिजतो. शेवटी उरलेलं कढत पाणी धातू घेऊन भेगांत शिरतं आणि निवताना ते तिथे सोडून जातं. कुठे कथील, कुठे तांबं, क्वचित सोनं. पण आपल्या पायाखाली जमिनीवर पसरून थिजलेल्या लाव्हाचा काळा पत्थर आहे, थरावर थर. इथे पुरुषभर खोलीवर ग्रॅनाईट निघतो, तो कुणी पुरला तरच.”

मघाशी जोडलेल्या हातांत आता धोंडे आले. पहिल्याच फटक्यात बुवाचं कपाळ फुटलं. उन्नती आडवी उभी राहिली.

“मघाशी न विचारता हिला मारू दिलंत, आता न विचारता याला मारताय. एकदा तरी हात उचलण्याआधी विचारा, हे कशावरून?”

धोंडे एकेक करून खाली पडले. बुवाने आपल्याला फसवलं, असं हितेश पुटपुटू लागला. घरातली गोष्ट घरात मिटवू, महादू म्हणाला.

निशाने तोंडातलं रक्त थुंकलं, पदर अंगाभोवती घेतला.

“उन्नती, पोलीस ठान्यात चल. बुवाचं नाव देते. आनि ह्यांचंपन.”