महिन्याचे साठ जीबी

योहानने पहिली थप्पड खाल्ली ती दिवाळीच्या आठवड्यात, अंड्यांचे ट्रे टेम्पोत चढवताना. नवनीत जीपमधून उतरला, सरळ त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"महिना संपायला सहा दिवस बाकी आणि नेट बंद. डेटा कोण खातं रे? कोंबड्या खातात?"

"मला नाही माहीत, शेठ."

फाडकन आवाज आला. योहानच्या हातातला ट्रे सुटला, तीस अंडी पायांवर फुटली. नवनीत त्यावरून पाय उचलत जीपकडे गेला. खोलीच्या दारात उभ्या असलेल्या योहानच्या बायकोने, मार्थाने, पदर तोंडात कोंबला. डेटा तिनेच खाल्ला होता.

नवापूर आणि विसरवाडीच्या मधे, हायवेपासून आत, टेकड्यांच्या बेचक्यात ती पोल्ट्री होती. तीन शेड, नऊ हजार अंड्यांच्या कोंबड्या आणि कडेला पत्र्याची एक खोली. योहान आणि मार्था आठ वर्षं तिथेच राहत होती. मुलगी रविना विसरवाडीच्या वसतिगृहात शिकायची. त्या खड्ड्यात मोबाईलला नेट यायचं नाही. फोन लावायचा तर टेकडीवर चढावं लागे. मालक सुरतला बसायचा. त्याने शेडमध्ये चार कॅमेरे लावले, त्यांच्यासाठी उंच खांबावर अँटेना बसवली आणि नेटचा डबा योहानच्या खोलीत भिंतीला ठोकला. महिन्याला साठ जीबी मिळायचे. त्यात कॅमेरे जेमतेम भागायचे. वरचा डेटा घ्यायचा तर दर असा की मालक म्हणायचा, "त्यापेक्षा मी वाघ पाळीन." त्याचा मेहुणा नवनीत नवापुरात राहून कारभार बघायचा, आणि त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "डबा तुमच्या घरात आहे, पण तुमचा नाही. हात लावायचा नाही."

मार्थाने हात लावला नाही, फक्त डब्याच्या पोटावर चिकटवलेला पासवर्ड वाचला.

तिला शिवणाचं वेड होतं. चर्चच्या बायांचे साधे ब्लाउज ती शिवायची, पण नव्या पोरींना पाठीला खोल गळा, पफची बाही, असलं हवं असे. रविनाने जुना मोबाईल दिला होता. त्यात एक बाई कापडावर खडूने रेघा मारत सगळं नीट समजावून सांगायची. मार्था दोन रेघा बघायची, थांबवायची, कापायची, चुकायची, पुन्हा पहिल्यापासून लावायची. एकदा पाहिलेलं पुन्हा पाहिलं तर पुन्हा डेटा जातो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटे, पाहिलेलं आपलं झालं.

त्या थपडेनंतर योहान खोलीत आला, गालावर ओला फडका दाबून बसला. ती काही बोलायच्या आत म्हणाला, "तू बघतेस ते मला माहीत आहे. जरा कमी बघ."

बस, एवढंच. मार्थाने महिनाभर मोबाईल पेटीत ठेवला. पण डिसेंबर लागला, नाताळाआधीच्या लग्नांचे चौदा ब्लाउज आले, आणि पेटी उघडली. नवीन काही बघायचं नाही, जुनंच बघायचं, असं तिने स्वतःला बजावलं. एकच व्हिडिओ तिने पंधरवड्यात तीसेक वेळा पाहिला. तिसऱ्या शनिवारी दुपारी खडूवाली बाई अर्ध्या रेघेत अडकली ती अडकलीच. डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, योहानच्या भावाच्या पोरीचा बाप्तिस्मा होता. योहान शेड सोडून कधी जात नसे. त्याने टेकडीवर चढून नवनीतला फोन केला, दोन तासांची सुटी मागितली. "जा," नवनीत म्हणाला, "कॅमेरे आहेत ना." योहानला लाल दिव्याचं माहीत नव्हतं. मार्थाला होतं. ती गप्प राहिली, साडी नेसली आणि त्याच्या मागे चालू लागली.

दोघं परत आली तेव्हा एक वाजला होता. तिसऱ्या शेडच्या कुलपाचे दोन तुकडे जमिनीवर पडले होते. आत निम्मे पिंजरे उघडे, पिसं तरंगत होती आणि चेंगरून मेलेल्या दहा-बारा कोंबड्या वाटेत पडल्या होत्या. दिवसाढवळ्या कुणीतरी गाडी लावून हजारभर पक्षी नेले होते. योहान टेकडीवर गेला आणि त्याने स्वतःच नवनीतला कळवलं.

अर्ध्या तासात जीप आली. नवनीतबरोबर त्याचा ड्रायव्हर रेंग्या होता, पलीकडच्याच पाड्यावरचा, अंगाने आडवा.

"कॅमेरे कालपासून बंद," नवनीत म्हणाला. त्याचा आवाज अगदी थंड होता. "डेटा तू संपवला, सुटी तू मागितली, कुलूप तुटलं. किती मिळाले?"

"शेठ, मी विकल्या असत्या तर फोन केला असता का?"

रेंग्याने मागून त्याचे दोन्ही हात पिरगाळले आणि त्याला शेडच्या खांबाला बांधलं. नवनीतने पाणी मारायचा काळा रबरी पाईप उचलला, दुहेरी केला. पहिल्या फटक्याला योहानचा सदरा फाटला. पाचव्याला रक्त आलं. कोंबड्या पिंजऱ्यांतून एकदम ओरडू लागल्या, त्या कालव्यात पाईपचा आवाजसुद्धा बुडाला. योहान ओरडत नव्हता. दर फटक्याला त्याच्या छातीतून फक्त वारा निघायचा. मधेच त्याची नजर मार्थाकडे गेली आणि त्याने मान हलवली. बोलू नकोस.

एक फटका कानावर बसला. कानातून रक्ताची धार मानेवर आली तेव्हा मार्था पुढे धावली.

"डेटा मी संपवला! मी! त्याला सोडा. मी ब्लाउजचं बघत होते."

नवनीत थांबला. घाम पुसला. "काय बघत होती?"

"ब्लाउज. कापायचं कसं ते."

तो हसला. त्याने तिचा मोबाईल मागितला, तिने दिला. त्याने तो खांबावर आपटला, पुन्हा आपटला, मग बुटाखाली चिरडला. "ब्लाउज! हजार कोंबड्या गेल्या आणि ही बाई ब्लाउज बघते!" तिचे केस धरून त्याने तिला शेडच्या तोंडाशी फरफटत नेलं. तिथे टेबलावर पिलांच्या चोची कापायचं मशीन होतं. विजेवर चालायचं, बटण दाबलं की पातं लालबुंद होई.

"कोणत्या बोटाने दाबत होती?"

"शेठ, नको," रेंग्या पुटपुटला.

"तू गप. धर तिला."

रेंग्याने धरलं. पात्याला लाली चढेपर्यंत तिघंही वाट बघत उभी राहिली, ते मार्थाला अजून विसरता आलेलं नाही. मग नवनीतने तिची उजव्या हाताची दोन बोटं पात्यावर दाबली.

तिची किंकाळी ऐकून योहानच्या अंगात काय आलं कोण जाणे. खांब जुना सागाचा, वाळवीने खाल्लेला. तो तळातून कडाडला. दोरी ढिली पडली, हात सुटले. समोर खत ओढायचं फावडं होतं. नवनीत आवाजाला वळतो न वळतो तोच फावड्याचा दांडा त्याच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज कोंबड्यांच्या गोंगाटातही ऐकू आला. तो पडला, दात थुंकत सरपटू लागला. योहानने पुन्हा मारलं, खांद्यावर. पुन्हा मारलं. रेंग्याने मार्थाला सोडून जीपमधला लोखंडी पाना आणला आणि योहानच्या डोक्यात घातला. योहान गुडघ्यांवर आला. रेंग्याने दुसऱ्यांदा पाना उचलला.

मार्थाच्या पायाशी जमिनीवर टाकायच्या चुन्याची बादली होती. तिने डाव्या हाताने ती उचलली आणि सगळा चुना रेंग्याच्या तोंडावर उलटला. तो डोळे धरून गुरासारखा हंबरला. तिने पाना उचलून दूर फेकला, नवऱ्याच्या काखेत खांदा घातला आणि दोघं हायवेकडे चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही. जळालेली बोटं तिने तोंडात धरली होती. अंड्यांच्या एका ट्रकवाल्याने काही न विचारता त्यांना वर घेतलं.

नवापूरच्या दवाखान्यात योहानच्या डोक्याला अकरा टाके पडले. तो शुद्धीवर आला तेव्हा खाटेजवळ हवालदार बसला होता. नवनीतच्या माणसांनी आधी तक्रार दिली होती. चोरी आणि जीवघेणा हल्ला. मार्थाची तक्रार तिसऱ्या दिवशी घेतली, तीही रविनाने ठाण्यात उभं राहून अर्ज स्वतः लिहिला म्हणून.

योहान दीड महिना तुरुंगात राहिला. तेवढ्यात सोनगडच्या बाजारात कोंबड्या सापडल्या, आणि विकणाऱ्याने नाव सांगितलं ते रेंग्याचं. नवनीत आळशी होता. कॅमेरे बघायचा मोबाईल त्याने ड्रायव्हरकडेच देऊन टाकला होता. डेटा संपल्याचा निरोप रेंग्यालाच आला आणि त्याने तो कुणाला सांगितला नाही. योहानच्या सुटीचा फोनही त्याने शेजारी बसून ऐकला होता. चोरीचं कलम निघालं, योहान जामिनावर सुटला. मारामारीचा खटला मात्र दोन्हीकडून उभा राहिला.

मग एका सकाळी चर्चचे वडीलधारे रेवजीकाका आले. ती दोघं आता विसरवाडीत भाड्याच्या खोलीत राहत होती. काका चहा घेऊन म्हणाले, "नवनीत केस मागे घेतो, तुम्ही पण घ्या. त्याचाही जबडा मोडला. देवाच्या दारी फिटलं म्हणा."

योहानला उजव्या कानाने ऐकू येत नसे. त्याने डावा कान पुढे केला, सगळं ऐकलं आणि जमिनीकडे बघत राहिला. "घेऊ या का?" त्याने मार्थाला विचारलं. "मला पुन्हा आत नाही जायचं."

तुरुंगातल्या दीड महिन्यात तो निम्मा झाला होता, ते मार्थाला दिसत होतं. लाल दिव्याचं त्या दिवशी सांगितलं असतं तर, हेही रोज मनात येत होतं. ते तिने त्याला पहिल्या भेटीतच, तुरुंगाच्या जाळीतून सांगून टाकलं होतं. तो तेव्हा म्हणाला होता, "सांगितलं असतंस तरी मी गेलोच असतो."

"काका," ती म्हणाली, "योहानच्या पाठीचं योहानने बघावं. माफ करायचं तर करू दे. हा हात माझा आहे."

"अगं, पण तुम्हा दोघांची केस एकत्र…"

"वेगळ्या करा म्हणावं वकिलाला."

रेवजीकाकांनी योहानकडे पाहिलं. योहानने हळूच कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मग माझीही राहू द्या."

तारखा अजून पडतात. नवापूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात नवनीत समोरच्या बाकावर बसतो. जबडा वाकडा जुळलाय, बोलताना तोंडाला रुमाल लावतो, मार्थाकडे बघत नाही. ती त्याच्याकडे बघते. शिपाई नाव पुकारेपर्यंत बघत राहते.