एकदाच सांगायचं

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास थेल्मा ग्रिग्ज लिंबाचा केक डब्यात घालून घराबाहेर पडली, आणि तिला दिसलं की आपल्या गाडीच्या पुढच्या चाकाला जॅमर लागलाय. पिवळाधमक. टिलबरीच्या त्या गल्लीत नाताळ सोडला तर इतकी झगझगीत वस्तू कोणी दारापुढं मिरवत नाही.

जॅमरशेजारी एक जाडसर माणूस उभा होता. काळा कोट, छातीवर सुपारीएवढा कॅमेरा, काखेत फाइल.

"मिस्टर क्लिफर्ड ग्रिग्ज इथंच राहतात ना?"

"हो," थेल्मा म्हणाली. पंचेचाळीस वर्षं ह्या प्रश्नाला ती हेच उत्तर देत आली होती.

"मी स्टब्ज. बेलीफ. पुलाचा टोल थकलाय, त्याच्या दंडाची वॉरंटं आहेत. एक-दोन नाही, सहा. साहेब घरात आहेत?"

"नाहीत."

"कधी येतील?"

थेल्मानं क्षणभर विचार केला. "ते काही सांगून गेले नाहीत."

ह्यात खोटं काहीच नव्हतं. क्लिफ नोव्हेंबरात वारला, आणि खरंच काही सांगून गेला नाही. सकाळी अंथरुणातून चहा मागितला आणि चहा वर येईपर्यंत थांबला नाही. पण हे सगळं ह्या परक्या माणसाला रस्त्यात उभं राहून सांगायचं म्हणजे तोंड उघडायला हवं, आणि थेल्माचं तोंड त्या एका वाक्यासाठी उघडतच नव्हतं.

स्टब्जनं मान डोलावली. 'नाहीत' हा शब्द तो रोज पन्नासदा ऐकत असावा. "बाराला गाडी उचलायला ट्रक येईल, बाईसाहेब. तोपर्यंत पैसे भरले तर मी स्वतः जॅमर काढतो. सगळं धरून अडीच हजार पौंडांच्या थोडं वर जातंय."

गाडीची किंमत तेवढी आली असती तर थेल्माला आश्चर्यच वाटलं असतं.

तेवढ्यात कुंपणाच्या झुडपावरून जॉइसचं डोकं वर आलं. जॉइस शेजारीण, गल्लीतल्या कुठल्याही भानगडीत ती कधी पडत नाही, फक्त झुडपामागून, उंटावरून शेळ्या हाकते.

"थेल्मा! आत घेऊ नकोस हं त्याला! एक पाय उंबऱ्याच्या आत पडला की चमच्यापर्यंत सगळं लिहून नेतात मेले! माझ्या भाच्याचा टीव्ही असाच गेला!"

"मी काही आत येत नाहीये, बाई," स्टब्ज म्हणाला.

"तू बोलू नकोस! पोट बघ जरा, लोकांच्या गाड्या खाऊन सुटलंय!"

थेल्मा घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पण दारात आलेल्या माणसाला चहा विचारायचा नाही, हे तिच्या बापजन्मी घडलं नव्हतं. बेलीफ झाला म्हणून काय झालं! तिनं केटल लावली, स्वयंपाकघराची खिडकी वर सरकवली आणि विचारलं, "साखर किती?"

"दोन. डॉक्टर एक म्हणतात."

"मग एकच घालते."

चहाचा मग खिडकीतून बाहेर गेला. स्टब्ज फुलझाडांच्या कडेला, गुडघे सांभाळत, भिंतीला टेकला. उंबरा ओलांडला गेला नाही आणि पाहुणचारही झाला. जॉइस कात्रीनं झुडूप छाटता छाटता पाहत राहिली.

गाडी जाणं म्हणजे थेल्माच्या दृष्टीनं बेरिल जाणं होतं. बेरिल ही तिची थोरली बहीण. ती थेम्सच्या पलीकडच्या काठाला, ग्रेव्हझंडला राहते. इकडच्या धक्क्यावर उभं राहिलं की तिच्या इमारतीचं छप्पर दिसतं, पण होडी बंद पडल्यापासून तिथं पोचायचं तर पुलावरून वीस मैलांचा वळसा. बेरिलची दृष्टी चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून दर बुधवारी थेल्मा जाते, केक कापते, बहिणीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन आणते आणि आठवड्याची टपाल तिला वाचून दाखवते. बेरिलकडे दुसरं कोणी जात नाही. बसने जायचं तर तीन बदलाव्या लागतात, आणि थेल्माची कंबर एकीलाच कुरकुरते.

पुलावर पूर्वी टोलनाके होते, खिडकीतून हात बाहेर काढून नाणी द्यायची. ते कधीच गेले. आता नुसते कॅमेरे. ज्याचं त्यानं दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत आठवणीनं भरायचं. क्लिफ नाकासमोर चालणारा माणूस, त्यानं खातं काढून ठेवलं होतं. पूल ओलांडला की त्याच्या कार्डातून पैसे परस्पर जायचे. तो गेल्यावर मुलीनं, हेदरनं, बँकेला कळवलं. बँकेनं कार्ड बंद केलं. थेल्मा मात्र दर बुधवारी पूर्वीसारखीच जात राहिली आणि तिला कोणी अडवलं नाही. अडवलं नाही म्हणजे पैसे पोचताहेत, असं ती धरून चालली.

"पत्रं आली असतील ना, बाईसाहेब?" स्टब्ज चहा फुंकत म्हणाला. "एकेका दंडामागं तीन-तीन जातात. कोर्टाचं निराळं."

थेल्मानं मागं पाहिलं. टोस्ट उभे करायची चांदीची घोडी कपाटावर होती, तिच्यात पाकिटं. घोडी जानेवारीतच भरली, म्हणून शेजारी बिस्किटांचा डबा. तोही भरत आला होता.

"आलीत," ती म्हणाली.

"मग?"

"मिस्टर ग्रिग्जची आहेत ती. मी दुसऱ्याची पत्रं उघडत नाही."

हा नियम लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा. तेव्हा तिनं चुकून क्लिफच्या आईचं पत्र उघडलं, आणि त्यात तिच्या हातच्या ग्रेव्हीबद्दल चार ओळी होत्या. त्या चार ओळींवरून तीन आठवडे अबोला झाला. शेवटी दोघांनी ठरवलं की ज्याची टपाल त्यानं उघडायची, वाचून वाटलं तर सांगायचं. संसार त्यावर उत्तम चालला. आता एक जण उरला तर नियम कसा चालवायचा, हे मात्र ठरवायचं राहून गेलं होतं.

स्टब्ज हसला. माणूस वाईट नव्हता. चहा मिळाला की खुलणारा होता. "तुमचं कारण नवीन आहे. नाहीतर लोक काय काय सांगतात! कोणी स्पेनला गेलाय, कोणी जुळा भाऊ आहे. बारा जण तर मेलेत आतापर्यंत. त्यातल्या एकानं स्वतः दार उघडून मला तसं सांगितलं!"

जॉइससुद्धा फिसकन हसली आणि मग एकदम थांबली. तिनं थेल्माकडे पाहिलं. थेल्मानं खिडकी खाली सरकवली.

आता तर सांगणं आणखीच अवघड झालं. तेरावा, असं तो मनात म्हणेल.

तिनं बेरिलला फोन लावला. उशीर होईल म्हणाली, गाडीला जॅमर आहे म्हणाली, मग एक-एक करत सगळंच सांगितलं.

"टोल थकला? क्लिफचा?" बेरिल म्हणाली. "त्या माणसानं उसनी घेतलेली शिडीसुद्धा पुसून परत केली. पत्रं उघड बघू."

"त्याची आहेत."

"माझी उघडतेस ना दर बुधवारी? विजेची, दवाखान्याची. त्या खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं लिहिलेलं ते लाजिरवाणं पत्रसुद्धा वाचलंस, आणि दोनदा वाचलंस."

"तू सांगतेस म्हणून वाचते."

"बरं. तो आता सांगू शकत नाही, तर मी सांगते. उघड."

थोरल्या बहिणीनं अशा आवाजात सांगितलं की थेल्मा सत्तराव्या वर्षीही ऐकते. तिनं फोन ठेवला, क्लिफची पाकिटं फोडायची पितळी सुरी घेतली आणि घोडीतलं पहिलं पाकीट सरळ रेषेत उघडलं.

'श्री. ग्रिग्ज यांस. बुधवार, बावीस नोव्हेंबर रोजी सकाळी नऊ वाजून अडतीस मिनिटांनी आपण आपल्या वाहनाने पूल ओलांडलात.'

तिनं दुसरं उघडलं. एकोणतीस नोव्हेंबर. आपण पूल ओलांडलात. मग सहा डिसेंबर. मग नाताळच्या आधीचा बुधवार, त्या दिवशी केकऐवजी पुडिंग होतं आणि वाऱ्यानं गाडी हलत होती. मग जानेवारीतला तो, काचेवर बर्फ होता म्हणून नऊचे दहा झाले होते. तेही त्यांनी बरोबर लिहिलं होतं, दहा वाजून एकेचाळीस. दर बुधवारी क्लिफ पूल ओलांडत होता. ह्या साऱ्या जगात एक कचेरी अशी होती की जिथं तो मेलाच नव्हता, धुक्यापावसातून नेमानं मेव्हणीकडे जात होता.

थेल्माला फार बरं वाटलं. मग त्याची लाज वाटली. मग पुन्हा बरंच वाटलं, आणि रडू आलं.

नोव्हेंबरात जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीतल्या बाईनं तिचा हात थोपटून म्हटलं होतं, "आम्हाला एकदाच सांगा. बाकी सगळ्या सरकारी खात्यांना आम्ही कळवतो, पुन्हापुन्हा बोलायचा त्रास नको." थेल्मानं तिथं ते वाक्य म्हटलं. एकदा. मग हेदरनं उरलेले सगळे फोन केले, आणि थेल्मानं ते वाक्य परत कधीच उच्चारलं नाही. तिच्या मते उच्चारायची गरजच नव्हती. गाडीच्या नोंदणी-पुस्तकावरचं नाव बदलायला मात्र निराळं कळवावं लागतं, अशी चिठ्ठीही बाईनं दिली होती. ती दाखल्यांच्या पाकिटात जशीच्या तशी पडून होती.

मृत्यूचे दाखले दहा घेतले होते. "लागतात," बाई म्हणाली होती. त्यातले सात शिल्लक होते.

अकरा वाजून गेले होते. थेल्मानं ड्रॉवरमधून एक दाखला काढला. खिडकीपाशी गेली, हात कडीवर ठेवला, आणि मग तिला वाटलं, चहा खिडकीतून दिला तर चालतो, हे खिडकीतून द्यायचं नाही. तिनं पुढचं दार उघडलं.

स्टब्ज रिकामा मग घेऊन उभा राहिला.

"मिस्टर स्टब्ज," ती म्हणाली, "माझा नवरा वारला. नोव्हेंबरच्या पाच तारखेला. पूल मी ओलांडत होते."

झुडपामागं कात्रीचा आवाज थांबला. स्टब्जनं दाखला हातात घेऊन वाचला, आणि त्याचा चेहरा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"बाईसाहेब, मघाशी ते मी बारा जणांचं जे—"

"गमतीचं होतं ते. एरवी मी हसले असते."

"मेलेल्या माणसावर वॉरंट चालत नाही. कागद परत पाठवतो मी." त्यानं कॅमेऱ्याकडे पाहून घसा खाकरला. "आधीच सांगितलं असतंत तर चाकाला हात लावला नसता."

"आधी सांगता आलं नाही."

"अरे मग आता तरी काढ ना ते पिवळं!" जॉइस ओरडली, पण तिचा आवाज मघासारखा लागला नाही.

कचेरीशी फोनवर बोलण्यात वीस मिनिटं गेली. मग स्टब्जनं गुडघे टेकून जॅमर काढला, आणि उठायला त्याला थेल्मानं हात दिला. त्यानं तिला सांगितलं की गाडीचं पुस्तक स्वतःच्या नावावर करून घ्या, आणि ओलांडल्याचे साधे पैसे कचेरीशी बोलून भरून टाका, म्हणजे मागं शुक्लकाष्ठ लागणार नाही. पुस्तक गाडीच्या कप्प्यातच होतं. बॉनेटवर ठेवून, स्टब्जच्या पेनानं, तिनं त्यात आपलं नाव लिहिलं.

"म्हणजे इथून पुढची पत्रं माझ्या नावानं येणार," ती म्हणाली.

"टोल वेळेवर भरलात तर येणारच नाहीत."

"हं," थेल्मा म्हणाली. पुस्तक पाकिटात घालून ते तिनं गल्लीच्या टोकाच्या टपालपेटीत स्वतः टाकलं. टाकण्यापूर्वी थोडा वेळ हातात धरून ठेवलं, एवढंच.

ग्रेव्हझंडला पोचायला दीड वाजला. बेरिल नदीकडच्या खिडकीत बसली होती. दिसत काही नाही, पण खुर्ची तिकडेच लागते. किल्लीचा आवाज ऐकून तिनं मान वळवली.

"उचलली का गाडी?"

"नाही." थेल्मानं केकचा डबा टेबलावर ठेवला. ती कोट घालूनच बहिणीसमोर उभी राहिली. "बेरिल, क्लिफ गेला गं."

बेरिलनं हात पुढं केला आणि चाचपडत थेल्माची बाही धरली.

"माहीत आहे मला. हेदरनं त्याच सकाळी फोन केला होता. अंत्यविधीला तुझ्या शेजारीच बसले होते ना मी."

"मग विचारलं का नाहीस कधी?"

"हे विचारून काढायचं असतं होय? सात महिने दर बुधवारी खुर्ची ओढून बसतेय, आज सांगशील, उद्या सांगशील. तू आपली विजेची बिलं वाचतेस." तिनं बाही ओढली. "बस इथं. पहिल्यापासून सांग. चहा मागितला होता ना त्यानं?"

थेल्मा बसली.

"हो," ती म्हणाली. "दोन चमचे साखर घातलेला."