एक मूठ, तीन डोकी

ब्रशचे केस दोन्ही बाजूंना फाकले होते. आणून महिनाही झाला नव्हता, आणि मधोमध भांग पाडल्यासारखा तो आडवा पडला होता – दर वेळी असंच व्हायचं, दुकानदार म्हणायचा कंपनी बदलून बघा, आणि तो मुकाट्याने कंपनी बदलायचा. बेसिनमध्ये फेस गुलाबी पडला. त्याने नळ सोडला, फेस वाहून गेला, आणि मग तो पुन्हा घासू लागला, खालच्या पुढच्या दातांवर, नेमकं दुखत होतं तिथेच, कारण दुखतं तिथे जोर लावला की एक प्रकारचं बरं वाटतं... हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आतून कडी घातली तर कुणी कारण विचारणार नाही अशी या घरात ही एकच जागा, आणि या जागेत तो रोज सकाळ-संध्याकाळ कुणावर तरी तुटून पडल्यासारखे स्वतःचे दात घासायचा.

“छोट्या, झालं का रे? नळ किती वेळ चालू आहे.”

दारावर दादाची बोटं वाजली. हळूच, मायेने. छोट्या सत्तेचाळीस वर्षांचा होता, कानशिलांवर पिकला होता, ऑफिसात त्याला लोक साहेब म्हणत. तो चूळ भरून “आलो” म्हणाला, आणि जिभेने खालचा दात ढकलून पाहिला. दात किंचित हलला. कालपेक्षा जास्त की तेवढाच, हे काही कळेना.

परवा दातांच्या डॉक्टरांनी त्याच्या हातात आरसा देऊन हे सगळं दाखवलं होतं. हिरड्या मागे सरकल्यात, मुळं उघडी पडलीत, खालचे दोन दात सैल झालेत. “कुणी शिकवलं तुम्हाला असं घासायला?” बाई म्हणाल्या. “करपलेलं पातेलं आहे का ते?” तो हसला होता, तोंड उघडं ठेवून जेवढं हसता येतं तेवढं. कुणी शिकवलं... वडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा, दादा एकोणीसचा. दादाने कॉलेज सोडलं, नोकरी धरली, आणि रोज सकाळी कामाला जाण्याआधी तो आरशासमोर याच्या मागे उभा राहायचा, एका हाताने हनुवटी धरून दुसऱ्या हाताने ब्रश खसाखसा फिरवायचा. जोर लाव. जोर लावल्याशिवाय काही निघत नाही. त्या हाताला साबणाचा वास यायचा, आणि त्या हाताखाली मान हलवता यायची नाही, आणि – हेही खरंच – त्या हाताखाली कशाचीच भीती वाटायची नाही.

“इलेक्ट्रिक ब्रश घ्या,” डॉक्टर म्हणाल्या होत्या. “जास्त दाबला की लाल दिवा लागतो, तसला. तुम्ही काही करायचं नाही. फक्त धरून ठेवायचं आणि एकेका दातावरून पुढे न्यायचं. घासायचं काम तो करेल. नाहीतर हे दोन जातील, मग त्यांचे शेजारी.” त्याला ते पटलं. पण दवाखान्याचा जिना उतरताना त्याला इतका संताप आला, की कठडा धरून थांबावं लागलं. फक्त धरून ठेवायचं! मी दुसरं केलंय काय जन्मभर? संतापायला एक जागा होती, हातभर लांबीची, दार लावलेली, तीही आता हे लोक काढून घेणार.

स्वयंपाकघरात बायको डबा भरत होती. या घरात ती हळू आवाजात बोलायची, इतकी वर्षं हळू बोलून तिचा आवाजच तसा झाला होता. दोघांनी दादाला न सांगता बघून ठेवलेल्या दुसऱ्या घराच्या मालकाने उद्यापर्यंत हो किंवा नाही सांगा म्हटलं होतं. दोन खोल्या, एक लांबोडकी गॅलरी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. तिला ती भिंतसुद्धा आवडली होती.

“काल सांगणार होतास,” ती म्हणाली.

“सुरुवात केली होती.”

“ऐकलं मी. हिरड्यांवर संपलं.” तिला हसू आलं, आणि मग हसू राहिलं नाही. “दादा माझ्याशी कधी वाईट वागलेले नाहीत. एकदा वागले असते तर सोपं झालं असतं. पण मला एकदा तरी माझ्या घरात मोठ्याने भांडायचंय तुझ्याशी. मोठ्याने हसायचंय. आज मिठाची गुळणी धरून बसू नकोस. आज तू नाही बोललास तर सकाळी मी बोलेन, आणि माझ्या तोंडून ते नीट निघणार नाही.”

काल रात्री जेवताना त्याने खरोखरच सुरुवात केली होती. दादा, मला तुला एक सांगायचं होतं. दादाने घास खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं – दादा असा बघतो तेव्हा सगळं काम बाजूला ठेवून बघतो, तेच वाईट – “बोल ना.” आणि त्याच्या घशात तयार असलेलं वाक्य, कित्येक आठवडे घासूनपुसून ठेवलेलं, तोंडापर्यंत येता येता वळलं आणि हिरड्या होऊन बाहेर पडलं. दादाचा चेहरा उजळला. दादाला करण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. “उद्या संध्याकाळी तुझ्या ऑफिसखाली येतो,” दादा म्हणाला, “आपण बघून घेऊ. या गोष्टी तुला एकट्याला जमायच्या नाहीत.”

दिवसभर ऑफिसात तो अडकलेल्या लोकांशी बोलायचा. लिफ्टच्या कंपनीत टेलिफोनवर बसणं हे त्याचं काम, कुठल्याही इमारतीत लिफ्ट मध्येच थांबली आणि आतल्या माणसाने घंटेचं बटण दाबलं, की आवाज याच्या कानात यायचा. मेकॅनिक पोहोचेपर्यंत त्या माणसाला शांत ठेवायचं. यात त्याचा हातखंडा होता. नवीन मुलामुलींना त्याचे जुने कॉल ऐकवायचे, बघा, आवाज कसा ठेवायचा.

आज दुपारी एक गृहस्थ अडकले, एकटे, आवाजावरून पन्नाशीचे. ते दार ओढत होते. सगळेच ओढतात. इतक्या वर्षांत त्याला एकही असा भेटला नव्हता, की ज्याने आधी दाराला हात घातला नाही, आणि खरा धोका तोच – लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असते, दार फटीएवढं उघडतं, आणि माणूस तेवढ्यातून निघायला बघतो.

“दार सोडा,” तो म्हणाला. “काही करू नका. कठडा धरा आणि नुसते उभे राहा. आमचा माणूस निघालाय.”

“मी नुसताच उभा आहे हो,” गृहस्थ म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. “मघापासून नुसता उभाच आहे.”

 मग त्याने त्यांना विचारलं, वर जात होता की खाली. खाली, म्हणाले. घरी. मेकॅनिक पोहोचला, दार उघडलं, फोन कट झाला. कुणी थँक्यू म्हणत नाही, सुटलेला माणूस मागे वळून बघत नाही, त्याला त्याची सवय होती. पण आज त्याला वाटलं, त्यांनी निदान सांगायला हवं होतं, बाहेर पडल्यावर कसं वाटतं ते.

संध्याकाळी ऑफिसखालच्या दुकानात दादा त्याच्या आधीच काउंटरला टेकून उभा होता. काचेखाली ब्रश उभे मांडले होते, पांढरे, जाडजूड, दवाखान्यातल्या वस्तूंसारखे गंभीर. विकणारी मुलगी नीट समजावून सांगत होती. हा गोल डोक्याचा, एकेका दातावर फिरतो. हा लांबट, नुसता थरथरतो, हिरड्या नाजूक असतील तर काहींना हा बरा वाटतो. दोन मिनिटं झाली की आपोआप बंद. अर्ध्या अर्ध्या मिनिटाने जरा अडखळतो, म्हणजे आता दुसरी बाजू घ्या. आणि हा जास्त दाबला की लाल.

“वापरणार कोण, तुम्ही का?” तिने त्याला विचारलं.

“त्याच्याच हिरड्या,” दादा म्हणाला. “लहानपणापासून नाजूक.”

नव्हत्या. लहानपणी माझ्या हिरड्यांना काहीही झालं नव्हतं... मुलीने एक ब्रश चालू करून त्याच्या तळहातावर ठेवला. छोटासा, लाल दिव्याचा, करड्या मुठीचा. थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढली आणि त्याला तो एकदम आवडला. मला हा हवा. त्या दुसऱ्या घरातल्या बेसिनवर, गॅलरीतून उजेड येईल तिथे, त्याने तो उभा करूनसुद्धा पाहिला. कितीतरी दिवसांत त्याला काही इतकं स्वच्छ हवंसं वाटलं नव्हतं, आणि तेही दात घासायचं यंत्र, म्हणजे त्याला स्वतःचंच हसू आलं.

“याची डोकी बदलता येतात ना?” दादाने विचारलं. “मग एक मूठ घेऊ आणि तीन डोकी. घरात तिघंच तर आहोत, तीन तीन यंत्रं कशाला? प्रत्येकाने आपलं डोकं लावायचं, घासायचं, काढून ठेवायचं.”

“हो, रंगीत कड्या येतात,” मुलगी म्हणाली. “अदलाबदल होत नाही.”

“छोट्याला निळी,” दादा म्हणाला.

मला वेगळा हवा. एवढंच म्हणायचं होतं. घराचं नव्हे, बायकोचं नव्हे, चाळीसेक वर्षांच्या उपकारांचं नव्हे – फक्त ब्रशचं. दादा, मला माझा वेगळा ब्रश हवा. लहान मुलंसुद्धा दुकानात पाय आपटून एवढं म्हणतात. त्याने तोंड उघडलं. मुलगी थांबली, तिला बहुधा कळलं होतं, तिने बिलाच्या यंत्रावरचा हात उचलून धरला. दादाही थांबला, सगळं काम बाजूला ठेवून, त्याच्याकडे बघत, आणि त्या बघण्यात माया सोडून दुसरं काहीही नव्हतं. कुणावर चिडायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. “निळी चालेल,” तो म्हणाला. पिशवी दादाने घेतली.

घरी येऊन जेवणं झाली. दादाने माहितीपत्रक मोठ्याने वाचून दाखवलं, मग चार्जर कुठे लावायचा ते ठरवलं आणि लावला. बायको ताटं उचलत होती, तिने एकदाही वर पाहिलं नाही. “तू आधी,” दादा म्हणाला, “तुझ्यासाठी आणलाय.” त्याने बाथरूममध्ये जाऊन आतून कडी घातली. निळ्या कडीचं डोकं बसवलं, बटण दाबलं, आणि जन्माच्या सवयीने हात चालवला – लगेच लाल. हात सैल केला. पुन्हा चालला, पुन्हा लाल. शेवटी त्याने नुसता धरला. फेस पांढरा राहिला. दुखलं नाही. आणि हाताला काही कामच उरलं नाही, तेव्हा रोज दातांवर निघणारं ते सगळं छातीत तसंच उभं राहिलं, कुठे जावं ते न कळून. ब्रश आपोआप थांबला. मला रडू येईल असं त्याला वाटलं, पण तेवढ्यात दारावर बोटं वाजली.

“मला दाखव रे कसा धरायचा,” दादा म्हणाला. हातात पिवळ्या कडीचं डोकं होतं.

त्याने बसवून दिलं, पेस्ट लावून दिली. दादाने ब्रश तोंडात घातला, बटण दाबलं, आणि लाल दिवा लागला. “दाबू नकोस दादा. फक्त धर.” दादाने हात सैल केला, मान डोलावली, आणि याला जाऊ नकोस अशी खूण केली. तो दादाच्या मागे उभा राहिला. आरशात दादाचा चेहरा मोठा दिसत होता, गाल आतून थरथरत होते, ओठांच्या कडांना फेस जमला होता, डोळे आज्ञाधारक होते. दादाचे पुढचे दातसुद्धा मुळाशी उघडे पडले होते, पिवळट, लांबच लांब... त्याने ते कधी पाहिलेच नव्हते. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की दादा बोलत नाहीये. बोलू शकत नाहीये.

“दादा,” तो म्हणाला, “आम्ही वेगळं घर घेतोय. पुढच्या महिन्यात जाऊ. उद्या हो म्हणून सांगायचंय.”

आवाज स्थिर होता. तो त्याचा ऑफिसातला आवाज होता, नवीन मुलामुलींना ऐकवतात तो.

दादाने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. ब्रश तोंडात घोंघावत होता. दादाला तो बाहेर काढता आला असता, बटण दाबता आलं असतं, तेवढं अवघड नव्हतं. दादाने काढला नाही. अर्धं मिनिट झालं असावं, यंत्र जरा अडखळलं, आणि दादाने ते माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे निमूटपणे दुसऱ्या बाजूला नेलं. फेस हनुवटीवरून सदऱ्यावर उतरला. स्वयंपाकघरातला ताटांचा आवाज बंद झाला होता.

हलकं वाटायला हवं होतं. इतके महिने त्याने ठरवून ठेवलं होतं, की सांगितल्यावर हलकं वाटेल. पण मी काय केलं हे त्याला दिसत होतं – दादाला उत्तर देता येणार नाही अशी वेळ बघून मी त्याला गाठलं होतं, तोंड भरलेलं असताना, दारात उभं राहून, वाट अडवून. जन्मात एकदा बोललो ते असं. त्याला वाटलं, यंत्र बंद होऊ नये. मग वाटलं, आत्ता बंद व्हावं. दादा काय म्हणेल याची धास्ती तो लहानपणापासून बाळगत आला होता, रागावेल, समजावेल, हसण्यावारी नेईल, त्या प्रत्येकाला त्याच्याकडे उत्तर तयार होतं. दादा ब्रश खाली ठेवेल, चूळ भरेल, तोंड पुसेल आणि काहीच म्हणणार नाही, याची त्याने कधी कल्पनाच केली नव्हती, आणि आता त्याला तेवढीच एक भीती वाटत होती.