रेडिओचं मौन

पैज बसमध्येच लागली. कॉलेजचा थांबा अजून यायचा होता, मांडीवर गादीची वळकटी होती, आणि पुढच्या सीटवरच्या अनोळखी गृहस्थांना रेडिओंनी नुकतंच सांगून टाकलं होतं, की त्यांच्या टाळूवरचे केस टोपीमुळे नाही, काळजीमुळे विरळ झालेत.

"बाबा," लेक दातओठ खाऊन म्हणाली, "आज कॉलेजात कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

"म्हणजे दिवसभर मिठाची गुळणी?"

"विचारलं तर बोला. विचारलं तेवढंच बोला. हे जमलं तर दर महिन्याला मला भेटायला या, मी स्वतः फाटकापर्यंत घ्यायला येईन. नाही जमलं, तर सुट्टी लागेपर्यंत इकडे फिरकायचं नाही. लागली पैज?"

रेडिओंनी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हसत होते. "मी पंच," ती म्हणाली. "आणि पंच कुणाची आई नसते, कुणाची बायको नसते, हे आत्ताच सांगून ठेवते."

रेडिओ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांचं केस कापायचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं, की त्यांचा आवाज सुरू व्हायचा तो कापड झटकेपर्यंत. हात आणि जीभ एकाच पट्ट्यावर चालत असावेत; एक थांबलं की दुसरं अडखळायचं. त्यामुळे गावाला सगळं कळायचं. लेकीला गोवर आला तेव्हा कळलं, ती भूगोलात नापास झाली तेव्हा तर निकाल घरी यायच्या आत कळलं. शाळेत ती कायम 'रेडिओची मुलगी' होती. वर्गात नवीन मास्तर आले, तरी ते आदल्या दिवशी दाढी करून आलेले असायचे, आणि म्हणायचे, "हां, भूगोलवाली तूच ना?"

लेक बापावर चिडलेली नव्हती. तिला फक्त एक अशी जागा हवी होती, जिथे तिची बातमी तिच्या आधी पोचलेली नसेल. हे रेडिओंना समजत होतं. पण त्यांचीही एक अडचण होती, आणि ती त्यांनी, आश्चर्य म्हणजे, कुणालाच सांगितली नव्हती. दुकानाचं शटर ओढल्यावर दिवसभरातल्या सगळ्या गोष्टी ते लेकीला सांगायचे. ती अभ्यास करता करता ऐकायची, मध्येच "मग?" म्हणायची. आता ते "मग?" कोण म्हणणार? बायकोने त्यांच्या गोष्टी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकल्या होत्या, की शेवट तीच आधी सांगायची. महिन्यातून एक तरी "मग?" मिळायला हवा होता. म्हणून ते म्हणाले, "लागली."

फाटकाशी वरच्या वर्गातल्या मुलांनी त्यांच्या हातातली वळकटी घेतली, छातीवर नंबराची चिठ्ठी टाचली आणि मुलांना एकीकडे, पालकांना दुसरीकडे पाठवलं. चिठ्ठी लावणाऱ्या मुलीच्या कपाळावरची झुलपं साफ तिरकी कापलेली होती. रेडिओंनी श्वास आत घेतला, डोळे मिटले आणि पुढे निघाले.

"पहिला अडथळा पार," बायको पुटपुटली.

या कॉलेजात पालकांच्या स्वागताची एक जुनी पद्धत होती. हारतुरे नाहीत, लांबलचक भाषणं नाहीत. पालकांना सरळ वर्गात बसवायचं, मुलांच्या नंबराने हजेरी घ्यायची आणि मुलांना पहिल्या दिवशी जो तास मिळणार, तोच त्यांनाही द्यायचा. आपलं मूल कुठल्या बाकावर बसणार आणि काय ऐकणार, हे त्यांनी स्वतः अनुभवावं, अशी कल्पना. तिचा परिणाम मात्र भलताच व्हायचा. वर्गात शिरल्याबरोबर मोठमोठी माणसं मागच्या बाकांसाठी ढकलाढकली करू लागली. एक इंजिनिअर वडील खिडकीजवळची जागा पिशवी ठेवून अडवून बसले. बँकेत कॅशियर असलेल्या एक बाई पहिल्या बाकावर बसल्या आणि दोन पेनांची टोपणं उघडून तपासू लागल्या.

आणि मग विभागप्रमुख आत आले. उंच, हसरे, इस्त्रीचा शर्ट, हातात लंबकाचा स्टँड. "या, बसा. आज मी तुमचाही सर," ते म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

रेडिओ बाकावर पुढे सरकले. विभागप्रमुखांचा कानापुढचा उजवा कल्ला डाव्यापेक्षा चांगलं अर्धं बोट वर होता.

समोरून फारसं कळत नव्हतं. पण सर उजवीकडे वळले की एक माणूस दिसायचा आणि डावीकडे वळले की दुसराच. रेडिओंनी बायकोचं कोपर धरलं.

"मला दिसतंय," बायको ओठ न हलवता म्हणाली. "गप्प बसा."

हजेरी सुरू झाली. लेकीचा नंबर आला. रेडिओंनी पंचाकडे पाहिलं, पंचाने मान हलवली, मग ते म्हणाले, "हजर." तो एक शब्द त्यांनी इतका जपून, इतका वजन देऊन उच्चारला, की पुढच्या बाकावरच्या कॅशियरबाईंनी वळून पाहिलं.

सरांनी दोन लंबक टांगले. दोरी सारखीच, पण एकाचा गोळा लोखंडाचा आणि दुसऱ्याचा लाकडाचा. "दोन्ही एकदम सोडले, तर झोका घेऊन आधी परत कोण येईल? जड, हलका, की दोघं बरोबर? विचार करा आणि हात वर करा. शेजाऱ्याचं बघायचं नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकताच सगळ्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. रेडिओंच्या रांगेतल्या लोकांनी रेडिओंकडे पाहिलं. सकाळपासून हा माणूस बोललेला नाही, डोळे बारीक करून सरांकडे एकटक बघतोय, मधूनच हळहळल्यासारखी मान हलवतोय; म्हणजे नक्कीच कुणीतरी जाणकार. प्रत्यक्षात रेडिओ कल्ल्याचा विचार करत होते. सरांनी एकेक पर्याय पुकारला; 'जड' हा शब्द कानावर पडला तेव्हा त्यांनी हात वर केला, कारण जड वस्तू जोरात येते हे सांगायला पुस्तक कशाला हवं? त्यांच्यामागोमाग अख्ख्या रांगेचे हात वर गेले.

सरांनी गोळे सोडले. दोघं बरोबर गेले, बरोबर परत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. एकमेकांचा हात धरून फिरायला निघाल्यासारखे.

"ही पूर्ण रांग एकदम चुकली कशी?" सरांनी विचारलं.

"आम्ही यांच्याकडे बघून हात वर केला," इंजिनिअर वडील बिनदिक्कत म्हणाले.

वर्ग हसला. रेडिओही हसले, पण तोंड मिटूनच. आपण चुकलो याचं त्यांना काही वाटलं नाही. न बोलता इतकी माणसं आपल्यामागे आली याचं मात्र त्यांना नवल वाटलं. वर्षानुवर्षं घसा कोरडा करूनही दुकानात कुणी त्यांच्या सल्ल्याने कधी भांग बदलला नव्हता.

मधल्या सुट्टीत चहा होता, आणि तिथे आणखी एक गंमत झाली. लोक त्यांच्याजवळ येऊन बोलू लागले. नेहमी खुर्चीतल्या माणसाला रेडिओ ऐकवायचे. आज बाकीचे त्यांना ऐकवत होते. इंजिनिअर वडील म्हणाले, "कुणाला सांगू नका, पण मगाशी मी पाणी प्यायला नव्हतो गेलो. जरा डोळ्यांना पाणी लावून आलो. घरी मीच सगळ्यांना सांगत होतो, रडायचं नाही म्हणून." कुणी म्हणालं, हे न्यायाधीश असावेत. कुणी म्हणालं, छे, मानसोपचारतज्ज्ञ.

कॅशियरबाई कप घेऊन आल्या. "तुम्ही कमी बोलता, फार बरं वाटतं बघा. आमच्याकडे सगळे एकदम बोलतात. एक विचारू का? रोज फोन केला तर मुलगा चिडेल का हो?"

विचारलं होतं. सरळ विचारलं होतं! रेडिओंच्या जिभेवर फोनविषयी एक, मुलांविषयी दोन आणि एका गिऱ्हाइकाच्या पुतण्याविषयी एक भलीमोठी गोष्ट येऊन उभी राहिली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने एक बोट वर केलं. एकच वाक्य.

"मलाही तोच प्रश्न पडलाय," रेडिओ म्हणाले.

कॅशियरबाईंचे डोळे भरून आले. "एवढा शहाणा माणूस, आणि किती सरळ बोलतो," त्या इंजिनिअर वडिलांना म्हणाल्या.

तेवढ्यात विभागप्रमुख कप हातात घेऊन अगदी शेजारी येऊन उभे राहिले. उजवी बाजू रेडिओंकडे. इतक्या जवळून, की रेडिओंची दोन बोटं आपोआप कात्री धरल्यासारखी उघडमीट करू लागली. बायकोने त्या बोटांत बिस्कीट दिलं.

दुपारी मुलं आणि पालक एकाच सभागृहात आले. लेक पलीकडच्या बाजूला दोन नव्या मैत्रिणींमध्ये बसली होती. तिने लांबूनच भुवया उंचावून आईला विचारलं. आईने अंगठा दाखवला. लेकीचा विश्वास बसलेला दिसला नाही.

"कुणाला काही प्रश्न? काही सूचना?" विभागप्रमुखांनी व्यासपीठावरून विचारलं.

सूचना! रेडिओ ताठ बसले. सगळ्यांनाच विचारलं म्हणजे त्यांनाही विचारलं. यात पंचसुद्धा खोट काढू शकला नसता. सभागृहात मात्र एकही हात वर नव्हता. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आजूबाजूचे सगळे पालक त्यांच्याकडे बघताहेत. कॅशियरबाई बघत होत्या. इंजिनिअर वडील बघत होते. ते उठून उभे राहिले. पलीकडे लेकीने डोळे घट्ट मिटून घेतले.

कल्ला समोर होता. वाक्य तयार होतं. रेडिओंनी ते गिळलं.

"घरून रोज फोन केला तर चालेल का?" त्यांनी विचारलं. "आणि उचलला नाही, तर किती वेळाने घाबरायला सुरुवात करायची?"

सभागृहात हास्याची लाट उठली, पण सगळ्यात मोठ्याने हसले ते पालकच. सर म्हणाले, "याचं उत्तर मी कसं देऊ? मुलांनो, बोला." मग मुलांमध्ये जुंपली. कुणी म्हणालं आठवड्यातून एकदा, कुणी म्हणालं रोज चालेल पण 'जेवलास का' विचारायचं नाही, कुणी म्हणालं मग विचारणार तरी काय. शेवटी ठरलं, की संध्याकाळचा फोन मुलांनीच करायचा, आणि विसरले तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी घाबरायचं नाही. पालकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. रेडिओ खाली बसले.

"नियमात बसतं," पंच म्हणाले.

आता फक्त निरोप उरला होता. वसतिगृहाच्या व्हरांड्यात लेकीच्या ट्रंकेजवळ तिघं उभी होती. लेक ट्रंकेचं कुलूप उगाच ओढून बघत होती. नव्या मैत्रिणींपैकी एकीने तिला विचारलं होतं, "ते प्रश्न विचारणारे तुझे बाबा? काय शांत आहेत गं!" हे ऐकून तिला हसावं की नाही ते कळेना.

"जिंकलात म्हणायचं," ती शेवटी म्हणाली.

"बस मिळेपर्यंत थांब," आई म्हणाली. "अजून फाटक ओलांडलेलं नाही."

आणि खरंच, प्रत्येक कुटुंबाचा निरोप घेत विभागप्रमुख त्यांच्यापाशी आले. उभे राहिले ते नेमके उजवी बाजू पुढे करून. उतरतं ऊन थेट त्या कल्ल्यावर पडलं होतं.

"प्रवास लांबचा आहे का?" सरांनी विचारलं.

"आहे," रेडिओ म्हणाले. विचारलं तेवढंच. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले. सर निघण्यासाठी वळू लागले.

"सर, तुमचा उजवा कल्ला वर गेलाय!"

रेडिओंनी घाबरून स्वतःच्या ओठांना हात लावला. ओठ मिटलेलेच होते.

लेक लाल झाली होती, पण आता तिला थांबता येईना. "सकाळी आम्हा मुलांच्या स्वागताला उभे राहिलात तेव्हापासून दिसतंय, सर. समोरून नाही कळत, पण बाजूने पाहिलं की डोळ्यांत खुपतं. मी तुमचं भाषण धड ऐकलंच नाही. डावा कानाच्या मध्यावर आहे आणि उजवा जवळजवळ... सॉरी, सर."

सरांनी दोन्ही गालांवर बोटं लावून अंतर पाहिलं. मग मोठ्याने हसले. "सकाळी आरशासमोर भाषण पाठ करत होतो, आणि हातात वस्तरा होता! दिवसभरात एवढी माणसं भेटली, एकानेही सांगितलं नाही. मग आता यावर उपाय काय?"

लेकीने वडिलांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतलं ते बघणं रेडिओ ओळखत होते; संध्याकाळी पुस्तकातून मान वर करून ती असंच बघायची.

"बाबा, सांगा ना," ती म्हणाली.

मग काय, धरणच फुटलं. बायकोच्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेली लहान कात्री आणि कंगवा निघाला. सर ट्रंकेवर बसले. "हनुवटी जरा वर, सर. उपाय सोपा आहे, डावा खाली आहे तो वर घ्यायचा, उजव्याला वाढायला वेळ द्यायचा. तुमचा हात उजवा, म्हणून उजवी बाजू नेहमी जास्त जाते, आमच्याकडे एक पोस्टमन आहेत, त्यांचंही असंच. आणि काय हो, तो लोखंडाचा गोळा जड असून आधी कसा आला नाही? दिवसभर डोक्यात घोळतंय." सर हनुवटी वर धरून लंबक समजावू लागले, रेडिओ कात्री चालवत मधूनमधून पोस्टमन घालू लागले, आणि कापून होईपर्यंत सरांनी हेही सांगून टाकलं, की त्यांचा स्वतःचा मुलगा फोन उचलत नाही. त्या खुर्चीत, म्हणजे ट्रंकेवर, बसलेला माणूस आजवर काही लपवून उठलेला नव्हता. व्हरांड्याच्या टोकाला दोन-तीन मुलं आपापल्या डोक्यांवरून हात फिरवत उभी राहिली होती.

"पैजेचं काय?" सर गेल्यावर लेकीने हळूच विचारलं.

"बाबा जिंकले," आई म्हणाली. "विचारल्याशिवाय एक शब्द नाही. सगळं न विचारता बोललीस ती तू. ट्रान्झिस्टर कुठली."

"आई, हळू! इथे कुणाला तरी ऐकू जाईल."

"महिन्याने येताना काय आणू?" रेडिओंनी विचारलं.

लेकीने व्हरांड्यातल्या रांगेकडे पाहिलं. "मोठी कात्री," ती म्हणाली. "आणि बोला तुम्ही. पण भूगोल सोडून."

परतीच्या बसमध्ये वळकटी नव्हती, त्यामुळे मांडी रिकामी रिकामी वाटत होती. पुढच्या सीटवर एक गृहस्थ होते, त्यांचे केसही बोलण्यासारखे होते, पण रेडिओ काही बोलले नाहीत. कंगवा खिशातून काढायचे, परत ठेवायचे. बायकोने बराच वेळ ते पाहिलं. ती दिवसभर त्यांच्या शेजारीच बसली होती. तरी तिने पदर सावरला, त्यांच्याकडे वळून नीट बसली आणि विचारलं, "काय मग? काय काय झालं आज?"

रेडिओंनी तिच्याकडे पाहिलं. मग घसा खाकरला, आणि अगदी फाटकापासून सुरुवात केली. चिठ्ठी लावणाऱ्या मुलीच्या तिरक्या झुलपांपर्यंत आले आणि जरा थांबले.

"मग?" बायको म्हणाली.