खोतांच्या सुनेचं देज

कोकिळेला हसू आवरत नसे. तिच्यात खोड म्हणावी अशी ही एकच, पण लग्नात ती एकटी दहा खोडींना भारी पडली. अंतरपाटाआड भटजींचा आवाज फाटला तेव्हा ती हसली. नवऱ्याने लाडवाचा घास तोंडाऐवजी नाकाला लावला तेव्हा हसली. पाठवणीला दिवेआगरच्या साऱ्या आयाबाया हमसून रडत असताना आत्याच्या नथीत मावशीचे केस अडकले, आणि ही पुन्हा हसली. शेवटी आईने दंडाला चिमटा काढून बजावलं, "कार्टे, आंबेखारात पाय ठेवीपर्यंत तरी दात मिटून बस. खोतांचं घर आहे ते." आंबेखारात पाय ठेवणं ही केवढी मोठी भानगड असते, हे त्या माऊलीला कुठून ठाऊक असणार!

ही तीस-एकतीस सालची गोष्ट. वऱ्हाडाचा मचवा समुद्रातून खाडीत शिरला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. वारा असा भरला होता की बायकांचे पदर आणि पुरुषांचे फेटे एकाच वेळी आवरता आवरत नव्हते. नवरदेव हरेश्वर मुंडावळ्यांसकट कठड्यावर ओणवा होऊन दर्याला नैवेद्य दाखवत होता. त्याचे वडील, भागोजी खोत, डोलकाठीला धरून ताठ उभे होते आणि पोराकडे पाहायचं टाळत होते.

खाडीच्या उजव्या हाताला हबशाचं संस्थान, डाव्या हाताला इंग्रजाचं राज्य. ओहोटीला मध्ये गुडघाभर पाणी उरायचं, आणि धोतर खोचलं की माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात. अल्याड, इंग्रजाकडच्या आंबेखारात भागोजी खोत, पल्याडच्या काठावर तुकाराम खोत. दोघांचे आजे सख्खे भाऊ, पण दोन्ही घरांत विस्तव जात नव्हता. खाडीत होडी बुडाली तरी एकाची माणसं दुसऱ्याच्या माणसांना आधी गाव विचारायची, मग हात द्यायची.

"ऐक गो सूनबाई," सासू नीराबाई कोकिळेच्या कानाशी लागून म्हणाली, "मचवा लागला की लगेच उतरायचं न्हाय. काठावर कातकरीवाडीचा नाईक उभा असंल, बुधाजी. तो इचारील, कोण तू, कशाला आलीस? तू म्हणायचं, थारा मागायला आले. तो म्हणंल, ठेव पाय. मगच पाय ठेवायचा."

"आणि नाही म्हणाला तर?"

"कधी न्हाय म्हणलाय? तुझे मामंजी त्याला नारळ आणि कोंबडा देतात, आन जातो बापडा नाचत."

या रिवाजामागची कथा आंबेखारात दोन तऱ्हांनी सांगत, आणि दोन्ही मचव्यावरच कोकिळेच्या कानांवर पडल्या. खोतांच्या ओसरीवर सांगत ती अशी, की मूळपुरुष घोड्यावर बसून, कमरेला तलवार लावून, कुठल्याशा दरबारची सनद घेऊन आले आणि रानटी लोकांना त्यांनी अभय दिलं. वाडीवर सांगत ती अशी, की मूळपुरुष एका फुटक्या होडीतून आला. कंबरेपर्यंत भिजलेला, तीन दिवसांचा उपाशी. काठावर बुधाजीचा खापरपणजा चिंबोऱ्या भाजत बसला होता. त्याने त्याला एक चिंबोरी दिली आणि एक पाय ठेवण्यापुरती जागा दिली. मग खोताने दुसरा पाय आपल्या मनाने ठेवला, आणि तिथून जे पाय पसरले ते अजून आखडले नाहीत. खरी कुठली, हे ज्याने त्याने ठरवावं. घोडा समुद्रातून कसा आला एवढं मात्र ओसरीवर कोणी विचारत नसे.

मचवा काठाशी आला. सनई, ढोल, सगळा गाव, आणि एका बाजूला उभी सगळी वाडी. खोतांनीच दिलेला लालभडक फेटा बांधून बुधाजी पुढे आला. एरवी तो खोतांपुढे मान खाली घालून जी-जी करायचा, पण या एका कामात त्याला खोताला तू म्हणायची मुभा होती, आणि ती तो चवीने वापरायचा.

"कोण गं तू?"

"दयारामाची लेक कोकिळा, दिवेआगरची."

"कशाला आलीस?"

"थारा मागायला आले," असं म्हणताना तिला त्या फेट्याचा शेव वाऱ्याने त्याच्या तोंडात जाताना दिसला, आणि ती फस्सकन हसली. बुधाजीही हसला. शेव बाहेर काढला. पण 'ठेव पाय' काही म्हणाला नाही. वळून खोतांना म्हणाला, "खोत, आधी आमची दळी दे."

ढोल थांबला. सनईवाल्याला उशिरा कळलं, म्हणून ती थोडी पुढे वाजून थांबली.

दळी म्हणजे गावामागच्या डोंगरउतारावरची नाचणी-वरीची जमीन. वाडी ती पिढ्यान्‌पिढ्या कसत होती, आणि तिथल्या दाण्यावर तिचे पावसाळे निघत होते. दोन वर्षांमागे भागोजींच्या डोक्यात आंब्याच्या कलमांनी घर केलं. त्यांनी दळीला काटेरी कुंपण घातलं आणि वाडीला खाली खाऱ्या दलदलीच्या खाजणाकडेला हलवलं, जिथे गवतसुद्धा नाइलाजाने उगवतं. बुधाजीने दोन वर्षं ओसरीचे उंबरे झिजवले. आज त्याने बरोबर वेळ साधली होती.

"लग्नाच्या दिवशी अडवतोस?" भागोजी कडाडले. "कोंबडा घे आणि बाजूला हो!"

"कोंबडा वर्साला पुरत न्हाय, खोत."

"सूनबाई, ठेव पाय! मी सांगतो."

कोकिळेने पाय उचलला मात्र, नीराबाईने तिचं मनगट असं पकडलं की दोन बांगड्या तडकल्या. "खबरदार! धाकट्या चुलतसासूनं अशीच उडी मारलीन, त्या साली बांध फुटला नि सगळं भात खाऱ्या पाण्यात गेलं!" बांध फुटायला तो जुना झाला होता एवढं कारण पुरे होतं, पण लग्नात कारणं शोधायला कोणाला सवड असते? काठावरच्या साऱ्या खोतिणी एका सुरात ओरडल्या, "नको गो, नको!" भागोजींचा हुकूम इंग्रजाच्या कचेरीत चालत असेल, घरच्या बायकांपुढे चालला नाही.

तशात सुकती लागली. पाणी कोणासाठी थांबत नाही, नवरीसाठीही नाही. मचवा खालच्या चिखलात रुतला, हळूहळू कलला आणि मग एकदम आडवा झाला. वऱ्हाडी, करवल्या, पेटारे, रुखवताचे लाडू, सगळं एका बाजूला घसरत गेलं. हरेश्वर कठड्यावरून जो सुटला तो थेट चिखलात. वर आला तेव्हा त्याच्या मुंडावळ्या कुठल्या आणि मिशा कुठल्या हे ओळखू येत नव्हतं. कोकिळा पेटाऱ्याला मिठी मारून एवढी हसली की तिला उचक्या लागल्या. आयुष्यात इतकी मजा तिने पाहिली नव्हती, आणि ती स्वतःच्याच लग्नात!

वऱ्हाडातले गावकरी भागोजींसकट चिखल तुडवत काठावर गेले. त्यांचे पाय जन्मापासूनच आंबेखारचे. मचव्यावर सासू-सून तेवढ्या उरल्या. आणि पल्याडच्या काठावरून हाळी आली. तुकाराम खोत खुर्ची टाकून बसला होता. सोबत माणसं आणली होती, पानदानही आणलं होतं.

"नाईक! अरे, मधे गुडघाभर पानी हाय! वाडी घेऊन इकडं ये! माझ्याकडं डोंगर पडीक हाय, हवा तेवढा घे!"

भागोजींचा चेहरा पडला. बांधाला खांड पडली की गळ्याएवढ्या चिखलात उतरायला वाडी लागत होती. कोळसा पाडायला वाडी, लावणीला वाडी. वाडी पल्याड गेली तर खोत म्हणजे नुसती मिशी. पण सगळ्या गावादेखत नमायचं कसं? ते म्हणाले, "जा! खुशाल जा!" आणि पाठ फिरवून उभे राहिले. बुधाजीही हटून बसला. जन्माची माती सोडायला त्याच्या जिवावर येत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. दोन म्हातारे, एकमेकांकडे पाठ करून. आणि अधांतरी लटकलेली नवरी.

इतक्यात बुधाजीची बायको, राही, चिखलातून मचव्यापाशी आली. हातात पळसाच्या पानावर भाजलेली चिंबोरी होती. ती कोकिळेकडे बघून म्हणाली, "पोर सकाळपासून उपाशी असंल. देऊ का खोतीणबाई? का बाटंल?"

नीराबाई पदर सावरत मागे सरकली. कातकऱ्याच्या हातचं खाणं म्हणजे त्या काळी जातीबाहेर जायची वाट. पण कोकिळेच्या पोटात कावळे कोकलत होते, आणि डोक्यात हसण्याचा पूर आला की तिला भीती कशाची ती राहतच नसे. तिने विचारलं, "काकी, तुमच्या लेकी सासरहून येतात, तेव्हा त्यांनाही विचारूनच पाय ठेवावा लागतो का?"

"लेकींना कोन इचारतं?" राही म्हणाली. "त्यांचीच माती."

"मग मला लेक करा."

राहीने तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग तिने चिंबोरीची नांगी दातांनी फोडली, अर्धा गर स्वतः खाल्ला आणि उरलेला वर धरला. कोकिळा वाकली आणि तिने तो खाल्ला.

"अगो सटवे!" नीराबाई पुटपुटली.

"आत्याबाई, मूळपुरुषांनी खाल्लीच होती ना?"

नीराबाई तीस वर्षांपूर्वी याच काठावर पाय ठेवून आली होती. तिने सुनेकडे पाहिलं, चिखलात बसलेल्या मुलाकडे पाहिलं, आणि समुद्राकडे तोंड फिरवलं. "मी काय बघितलं न्हाय," ती म्हणाली. "वाऱ्यानं डोळ्यांत रेती गेली माझ्या."

राहीने काठाकडे वळून आरोळी दिली, "अवो, आपल्याला लेक झाली!"

बुधाजी पहिल्यांदा गोंधळला, मग उजळला. टणकन उठला, चिखल तुडवत आला आणि कोकिळेला खांद्यावर घेऊन काठावर जाऊन उभा राहिला. "खोत," तो म्हणाला, "ही आता माजी पोर. तुज्या पोराशी लगीन झालंय, मान्य. पन आमच्यात पोरीचं देज द्यावं लागतं. देज मिळंस्तवर पोर बापाघरी."

मुलगी पदरात घ्यावी म्हणून दयारामांनी सुपारीची आख्खी बाग खोतांना लिहून दिली होती, वर हातही जोडले होते. आणि इथे एक माणूस तिला खांद्यावर बसवून तिची किंमत मागत होता! कोकिळेला एकदम आपण डोंगराएवढ्या झालो असं वाटलं. पंचक्रोशीत सगळ्यांत उंच तीच होती तेव्हा.

"देज? आमच्यात हुंडा घेतात, देज देत नाहीत!" भागोजी गरजले.

"तुमच्यात. पोर आमच्यातली हाय."

आणि मग चिखलाचा तो पुतळा पुढे आला. हरेश्वर लग्नाचे चारही दिवस एक अक्षर बोलला नव्हता. तो म्हणाला, "बाबा, द्या ना. मला हीच पाहिजे." सगळ्या गावासमोर! काठावर अशी शिट्टी वाजली, असा हशा उसळला, की पल्याडचा तुकाराम खोत खुर्चीवर उभा राहून "काय झालं? काय झालं?" ओरडायला लागला. कोकिळेचे कान तापले. चिखलाखालचा चेहरा बरा असेल, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

भागोजींनी बायकोकडे पाहिलं, ती समुद्र बघत होती. पल्याड पाहिलं, तिथे खुर्ची होती. मुलाकडे पाहायची सोय नव्हती. गावापुढे वाकायचं नव्हतं, पण सुनेसाठी देज म्हणून द्यायला खोताची मान तुटत नव्हती. उलट उद्या म्हणता आलं असतं, आम्ही सुनेसाठी डोंगर मोजला!

"दिला," ते म्हणाले. "दळी दिली. उतरव तिला."

"शब्द लई झाले. आधी कुंपण काढ."

मग जी वरात निघाली तशी आंबेखारात पुन्हा निघाली नाही. पुढे ढोल-सनई, मागे खांद्यावर नवरी, तिच्यामागे जरीचे फेटे आणि लंगोट्या एकाच वाटेने डोंगर चढताहेत. रेशमी उपरणी हाताला गुंडाळून पाव्हण्यांनी काटे उपटले. एक वऱ्हाडी निवडुंगावर बसला आणि उठला तो थेट नाचायलाच लागला. भागोजींनी पहिली मेढ स्वतः ओढली. काम अंगावर पडल्यावर त्यात हौस आणणारा तो माणूस होता, हे मात्र त्यांच्या पदरात टाकायला हवं.

कुंपण पडलं. वाडीच्या बाया मातीत बसून माती हातांनी चाचपायला लागल्या.

मग बुधाजी म्हणाला, "खोत, देज घेतलं, पोर दिली. पन आमच्यात देज घेनारा बाप मरंस्तवर बाप असतो. हिला कुनी मारली, उपाशी ठेवली, तर मी येऊन घेऊन जाईन. आन देज काय परत न्हाय मिळनार."

"अरे, इथून तुला कळणार कसं?" भागोजी हसून म्हणाले.

"तितं बघ," बुधाजी म्हणाला.

सगळ्यांनी खाली पाहिलं. उतारावरून खोतांचं घर स्पष्ट दिसत होतं. परसातली विहीर, तुळस, दारातली पायरी, आणि दोरीवर वाळत घातलेलं एकेक लुगडंही. भागोजींचं हसू ओठांतच राहिलं. बाकीचे मात्र खो-खो हसले.

कोकिळेने मात्र नीट पाहून घेतलं. चार दिवस मानपान झाले, सोनं झालं, कोणाची पंगत आधी यावर तंटे झाले. हिला कोणी दुखवलं तर काय, हे त्या सगळ्या बोलण्यात एकदाही आलं नव्हतं. विहिरीपासून या उतारापर्यंत हाक पोचेल का, याचा तिने मनाशी अंदाज घेतला. वारा बरा असला तर पोचेल.

"उतरव मला, बा," ती म्हणाली.