चेहऱ्याची दुर्बीण

बालाघाटची शेवटची घरं मागे टाकून रस्ता बैहरच्या घाटाकडे वळतो, तिथे डाव्या हाताला गुणाकर पांढरीपांडे यांचं घर होतं. मागे परस, परसाच्या कुंपणापलीकडे नाला, आणि नाला ओलांडला की जंगल. वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त होताना त्यांनी ही जागा घेतली, तेव्हा अहिल्याबाई म्हणाल्या होत्या, की बाजार दूर पडला तर पडो. ज्या सवतीनं आपला नवरा अर्ध्याअधिक रात्री घराबाहेर ठेवला, ती निदान आता डोळ्यांसमोर राहील.

काही वर्षं सुखात गेली. मग गुणाकररावांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग माणसं. नागपूरला नोकरीला असलेला मुलगा, संकेत, सुट्टीत आला की ते त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळीत आणि विचारीत, "बदली कुठून झाली तुझी?"

"नागपूरहून, साहेब," संकेत म्हणे.

"नागपूरची माणसं चालायला कच्ची. बूट बरे घे."

संकेत हसे, आणि मग परसात जाऊन बराच वेळ एकटा उभा राही.

जंगल मात्र ते विसरले नव्हते. कोणत्या नाल्याला उन्हाळ्यात पाणी टिकतं, चोरटं सागवान कोणत्या वाटेनं राजेगावकडे आणि तिथून गोंदियाला जातं, हे त्यांच्या डोक्यात जसंच्या तसं शाबूत होतं. २००६ सालच्या भाद्रपदात एका संध्याकाळी ते कोणालाही न सांगता निघून गेले. मोहल्ला गोळा झाला. हातात बॅटऱ्या घेऊन माणसं नाल्यापलीकडे पांगली, 'रेंजरसाहेब, रेंजरसाहेब' अशा हाकांनी रान दुमदुमलं, आणि काही हाती लागलं नाही. उजाडल्यावर ते स्वतःच नाला ओलांडून आले, गुडघ्यापर्यंत भिजलेले, आणि दारात उभ्या शालिकरामवर बरसले. हा शालिकराम मूळचा किरनापूरचा, नोकरीभर त्यांच्या हाताखाली वनरक्षक होता, आणि आता शेजारीच राहत होता. इतक्या बॅटऱ्या पेटवायला कोणी सांगितलं होतं, असं साहेबांनी त्याला विचारलं. गाडी एव्हाना नाक्यापलीकडे गेली असेल, म्हणाले. जमलेली माणसं हसली. अहिल्याबाई हसल्या नाहीत.

काय झालं ते त्यांना कळलं होतं. गस्तीवरची माणसं बॅटरी लावीत नसत. रात्रीच्या जंगलात उजेड चोराचाच असायचा. उजेड दिसला की खाली बसायचं आणि श्वास रोखायचा, हे गुणाकररावांनी शेकडो रक्षकांना शिकवलं होतं. म्हणजे शोधायला गेलेला मोहल्लाच त्यांना झुडपात बसवत होता. जितक्या बॅटऱ्या, तितके ते अधिक गप्प.

सून ऋता समंजस होती. तिनं दबक्या आवाजात सुचवलं, की रात्री मागच्या दाराला बाहेरून कडी घालावी. अहिल्याबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "कोंडवाड्यात गुरं ठेवतात," त्या म्हणाल्या. "ज्या माणसानं या जिल्ह्याचं जंगल राखलं, त्याच्यावर माझ्या घरात कडी पडणार नाही. ते जातील. मी त्यांना परत आणीन. कसं आणायचं, तेवढं सांगा."

म्हणून दिवाळीला येताना संकेत दोन दुर्बिणी घेऊन आला. त्याची कंपनी खाणींच्या रखवालदारांना आणि सरकारी खात्यांना असलं सामान पुरवीत असे. दाखवण्यासाठी ठेवलेल्या नगांपैकी कोणताही एक घरी ठेवायची परवानगी त्यानं कंपनीतल्या साहेबांकडून मिळवली होती. दुसरा परत न्यायचा होता. कोणता ठेवायचा ते आईनं ठरवावं, कारण वापरणार तीच होती.

पाडव्याच्या दिवशी दिवेलागणीनंतर परसात परीक्षा झाली. गुणाकरराव बाजेवर बसून मुरमुरे खात होते. संकेतनं समजावून सांगितलं, की पहिली, नाइट व्हिजनची, चांदण्यांचा असेल नसेल तेवढा उजेड गोळा करून वाढवते. माणूस माणसासारखा दिसतो, पण पानाआडचं तिला दिसत नाही. दुसरी, थर्मल, उजेडाकडे बघतच नाही. ती ऊब बघते. अमावास्येच्या काळोखातही जिवंत अंग तिच्यापासून लपत नाही.

अहिल्याबाईंनी आधी थर्मल डोळ्याला लावली. काळ्या पाटीवर माणसाच्या आकाराची एक पांढरी ज्वाळा मांडी घालून बसली होती. डोळे नाहीत, मिशा नाहीत, कपाळाच्या जागी नुसती धग. मनात जे आलं, ते त्यांनी कोणालाही सांगितलं नाही: आपल्या माणसाला असं जळताना एकदाच पाहायचं असतं, आणि बायकांना तर तेही कोणी पाहू देत नाही.

मग त्यांनी नाइट व्हिजनची लावली. हिरव्या उजेडात गुणाकरराव होते. तीच जाड मिशी, तीच डावी भुवई जराशी वर चढलेली, मिशीला चिकटलेला मुरमुराही. अंधारात बायको त्यांना दिसत नव्हती, तरी ते बरोबर तिच्याच दिशेनं पाहत होते, आणि त्या पाहण्यात कित्येक महिन्यांत न दिसलेली ओळख होती, असं अहिल्याबाईंना वाटलं.

"ही ठेव," त्या म्हणाल्या.

संकेतनं घाई करू नकोस म्हटलं. तो कुंपणाशी गेला, तुरीच्या ताटांत शिरून बसला, आणि दोन्हींतून पाहा म्हणाला. हिरव्या दुर्बिणीत नुसती तूर दिसली. थर्मलमध्ये ताटांच्या फटींतून पांढरे ठिपके लुकलुकत होते. बाहेर येऊन पँट झटकत तो म्हणाला, "बघितलंस? आई, तुला छान दिसावं म्हणून नाही आणल्या या. बाबा सापडावेत म्हणून आणल्या."

"मला माणूस शोधायचा आहे, निखारा नाही. या तुझ्या यंत्रात रानडुक्कर आणि तुझे वडील एकसारखे दिसतील. मी काय डुकरांच्या मागे फिरू?"

"डुक्कर झाडाला पाठ टेकून बसत नाही, आई."

"तू मला यांचं शिकवू नकोस." त्यांचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. "हे लपले ते उजेडाला पाहून. आपण उजेडच केला नाही, तर लपतील कशाला? वाटेनं सरळ चालत असतील. चालणारा माणूस ओळखायला चेहरा लागतो."

बोलण्यात तथ्य होतं, आणि नवऱ्याच्या नोकरीतलं या घरात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, हेही खरं होतं. शालिकरामनं तेवढ्यात दोन्ही दुर्बिणी डोळ्याला लावून पाहिल्या होत्या. "साहेबाच्या टायमाले हे असतं नं बाईसाहेब," तो म्हणाला, "तं सागवान चोरायले कोनी आलाच नसता. अन् आमाले रातची झोप भेटली असती." सगळे हसले, बाजेवरचे गुणाकररावसुद्धा, आणि विषय संपला. भाऊबीज आटोपून संकेत परत गेला तेव्हा थर्मल त्याच्या पिशवीत होती.

अहिल्याबाईंनी त्या दुर्बिणीची सवय करून घेतली. देवघराच्या कोनाड्यात ती मऊ फडक्यात गुंडाळून ठेवली. रोज संध्याकाळी परसाच्या दारात उभ्या राहून त्या एकदा नालाकाठ नजरेखालून घालीत. मोहल्ल्याला त्यांची ताकीद होती: पुन्हा असं झालं तर बॅटरी नाही, हाक नाही, सगळ्यांनी रस्त्यावर थांबायचं, रानात मी आणि शालिकराम जाऊ.

पौषात थंडी एकदम उतरली. एका संध्याकाळी अहिल्याबाई चुलीवरचं दूध उतरवीपर्यंत बाज रिकामी झाली होती. खुंटीवरचा जुना खाकी कोटही नव्हता. शाल मात्र तिथेच होती.

ठरल्याप्रमाणे सगळं झालं. कोणी ओरडलं नाही, कोणी उजेड केला नाही. त्या वयात दुर्बीण डोळ्याला लावून, शालिकरामचा हात धरून, अहिल्याबाई नाल्यापलीकडच्या पायवाटेनं चालल्या. दुर्बिणीनं आपलं काम चोख केलं. बांबूचं पेर न् पेर दिसत होतं, वाटेवरची ढेकळं दिसत होती, एक ससा कान टवकारून बसलेला दिसला. त्या वळणापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. वाटेवर चालणारा माणूस कुठेच नव्हता. बांबूची बेटं दोन्ही बाजूंना हिरव्या भिंतींसारखी उभी होती, आणि त्या भिंतींवरून त्यांची नजर सरकत पुढे जात होती. कारण त्या चेहरा शोधत होत्या. गारठ्यानं बोटं वळेनाशी झाली, तेव्हा शालिकरामनं त्यांना बळेच घरी आणून चुलीशी बसवलं आणि एकटा परत गेला.

उजाडताना तो आला. "बाईसाहेब, साहेब भेटले," एवढंच म्हणाला आणि खाली बघत राहिला. त्यापुढचं त्याला सांगावं लागलं नाही. इथंच थांबा, आम्ही आणतो, असं तो म्हणत होता. तोवर त्या नाल्याशी पोहोचल्या होत्या.

वाटेपासून हाकेच्या अंतराच्याही आत, बांबूच्या बेटाआड एक उथळ खड्डा होता. गुणाकरराव त्यात बेटाच्या बुंध्याला पाठ टेकून बसले होते. पायांवर पाला ओढून घेतला होता, खांद्यांवर वाळलेलं गवत, आणि वर दव. डोळे वाटेकडे होते.

"घात लावून बसले होते साहेब," शालिकराम डोळे पुसत म्हणाला. "घातीले बसला मानूस हालत नाही, बाईसाहेब. गाडी येईस्तोर हालतच नाही. आमाले त्याहिनंच शिकवलं."

अहिल्याबाईंना हेही ठाऊक होतं. उजेड पाहून लपणारे गस्तीवरचे. पण चोराच्या वाटेवर जे आधीच दबा धरून बसतात, त्यांना लपायला उजेड लागत नाही. कितीदा तरी गुणाकरराव अशा रात्री काढून सकाळी कोटावरचा पाला न झटकताच घरात आले होते, आणि त्यांनीच तो उंबऱ्यात झटकला होता. दिवाळीत परसात उभं राहून बोलताना एवढंच त्यांना आठवलं नाही.

संकेत आणि ऋता दुपारपर्यंत पोहोचले. वैनगंगेच्या घाटावर सगळं झालं. भेटायला येणारी माणसं म्हणत होती, की वेळ आली होती, पुण्यवान होते, आवडत्या जागी गेले. अहिल्याबाई ताठ बसून ऐकत होत्या. अस्थी गोळा करून आल्यावर संकेतनं ती जागा पाहायची आहे असं म्हटलं, तेव्हा मात्र त्या उठल्या आणि त्याच्या पुढे चालू लागल्या.

खड्ड्यापाशी दोघं पोहोचले. त्यानं बेटाकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं, पाला पायानं चाचपला. मग आईकडे न बघता म्हणाला, "थर्मलमध्येही नसते दिसले, आई. पाला फार जाड आहे. बांबूही दाट आहे."

अहिल्याबाईंनी मुलाकडे पाहिलं. आपण हट्ट धरायला हवा होता, आईला दुखवूनही दुसरी दुर्बीण ठेवून जायला हवी होती, हे त्याच्या चेहऱ्यावर उघड लिहिलेलं होतं. हे तो जन्मभर बाळगील. घरातला प्रत्येक निर्णय आजवर त्यांनी घेतला होता, आणि घेतलेला निर्णय दुसऱ्याच्या खांद्यावर कधी टाकला नव्हता.

"तुरीत बसून दाखवलं होतंस तू मला," त्या म्हणाल्या. "ते ठिपके मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. तू नीट सांगितलंस, मी ऐकलं नाही. यात तुझं काही नाही, संकेत. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

"तू तरी काय करणार होतीस?"

"मला यांचा चेहरा पाहायचा होता," त्या म्हणाल्या.

मग पदर सावरून, बांबूच्या बुंध्याला धरून, त्या हळूच त्या खड्ड्यात उतरल्या आणि पाठ टेकून बसल्या. माती गार होती. तिथून पायवाट नाल्यापासून वळणापर्यंत सगळीच्या सगळी दिसत होती. जागा निवडावी तर अशी. त्या रात्री याच वाटेवरून एक म्हातारी डोळ्याला काहीतरी लावून, उजेड न करता, मुकाट गेली होती, आली होती, पुन्हा गेली होती. जागे असतील तोवर त्यांनी ती पाहिली असेल. चोर आता फार हुशार झाले, असं मनाशी म्हणाले असतील, आणि पाला आणखी वर ओढून घेतला असेल.

"आई, ऊठ. ओल आहे तिथे."

"बस जरा," त्या म्हणाल्या.

आईचं ऐकायची त्याला सवय होती. तो खाली उतरून शेजारी बसला. ऊन बांबूतून वाटेवर आलं आणि सरकत सरकत नाल्यापर्यंत गेलं. वाटेवर कोणी नव्हतं. अहिल्याबाई तिकडेच पाहत होत्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते त्यांनी पुसलं नाही. मुलानं पाहिलं, ते पाहू दिलं.