बलभीमचा आवाज माझ्या पोटात होता

मी भोंगा बोलतोय. दचकू नका, कानावर हात नेऊ नका. आज आवाज बारीक ठेवलाय, कारण आज मला काही विकायचं नाही.

तुम्ही मला पाहिलेलं आहे. गल्लीतून तीनचाकी टेम्पो येतो, त्याच्या टपावर दोरीनं बांधलेला असतो तो मीच. तोंड मोठं, पोट लहान. पाठीमागं एक लाल बटण. ते दाबून बोललं की बोलणं माझ्या पोटात राहतं आणि मग दिवसभर मी तेच बोलत राहतो. पण पोटात जागा एकाच बोलण्याची. दुसरं भरलं की पहिलं पुसलं जातं. माझं सगळं दुखणं एवढ्यातच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते सोलापूरचं दुकान. माकणीचा बलभीम तिथं आला, मला हातात घेतलं आणि दुकानाच्या दारातच ओरडायला लागला, "या, या, या! बघा, बघा!" काय बघायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी बघता बघता पायरीवर माणसं जमली. दुकानदार चिडला. बलभीम हसत म्हणाला, "शेटजी, रागावता काय? एवढं गिऱ्हाईक दारात आणून दिलं, आता ह्याचे सेल तुमच्याकडून." आणि सेल फुकटात घेऊनच तो निघाला. मी मनात म्हटलं, धनी बरा मिळाला.

बलभीम प्लॅस्टिकचा माल विकायचा. माकणीहून निघायचं, वाटेतली गावं करायची, लोहाऱ्याचा बाजार धरायचा. येरमाळ्याची यात्रा आली की तिथं पाल ठोकायचं. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या पोटात भरलं: "आला, आला, बलभीम आला! बादली घ्या, टोपली घ्या, घागर घ्या! घ्यायचं नसलं तर नुसतं बघा, बघायला पैसा पडत न्हाई!" शेवटी तो स्वतःच हसला होता. ते हसूही आत राहिलं. बाया बादलीपेक्षा त्या हसण्याला बाहेर यायच्या असं माझं मत आहे.

गुरुवारी संध्याकाळी मात्र माझं तोंड बंद. त्या दिवशी बलभीमच्या घरी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास असे. येशूला मानणारी गावातली चार घरं जमायची. मला खुंटीला अडकवलेलं असायचं, त्यामुळं सगळं कानावर पडायचं. लक्ष्मम्मा म्हणून एक म्हातारी, राज्याच्या सीमेपलीकडून लग्न होऊन आलेली, ती वाचून दाखवायची आणि प्रश्न विचारायची. पण प्रश्न पुरा व्हायच्या आत बलभीमचं उत्तर तयार! बाजारात बोलायची तीच पट्टी. लक्ष्मम्मा चष्म्यावरून बघायची.

"बलभीम, देवाला बी बोलू दे की जरा."

सगळे हसायचे. बलभीमही हसायचा आणि पुन्हा बोलायचा. त्याची बायको सत्यभामा कोपऱ्यात बसून नुसती ऐकायची. तिचा आवाज मी तिथं कधी ऐकला नाही.

मग त्याचा घसा बसला. "धुळीनं बसला," म्हणाला. तंबाखू होतीच तोंडात. जसजसा घसा बसत गेला तसतसा तो मलाच जास्त बोलायला लावू लागला. शेवटी दवाखान्यात सांगितलं की घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल; माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही. जायच्या सकाळी त्याच्या तोंडून निघालेलं शेवटचं वाक्य होतं, "टेम्पोवर कापड टाक गं, धूळ बसंल." आता वाटतं, काहीतरी मोठं बोलायला हवं होतं त्यानं. पण माणूस असंच बोलतो.

परत आला तेव्हा गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं कापड. हातात पाटी. काही दिवस तो शास्त्राला शिवलाच नाही. गुरुवारी माणसं यायची, तो परसात जाऊन बसायचा. मग कधीतरी त्याला शास्त्रातली एका म्हाताऱ्या याजकाची, देवळातल्या पुजाऱ्याची, गोष्ट सापडली. देवदूतानं सांगितलं, तुला मूल होईल. याजकाला खरं वाटलं नाही आणि तो मुका झाला. मूल जन्मलं, त्याच्या नावाच्या दिवशी याजकाचं तोंड उघडलं. बलभीम ते पान रोज उघडायचा. एक दिवस त्यानं पाटीवर लिहिलं, "त्याचा आला. माझा बी येणार."

सत्यभामा म्हणाली, "व्हय हो, येणार."

मला सांगायला लाज नाही, मीही तेच धरून बसलो होतो.

सगळा माल दवाखान्यापायी विकून झाला होता. सत्यभामानं शेंगदाण्याची चटणी कुटली, पापड लाटले. बलभीमनं टेम्पो चालवायचा, तिनं विकायचं असं ठरलं. आणि मी? मी टपावरून ओरडत होतो, "आला, आला, बलभीम आला! बादली घ्या, टोपली घ्या!"

काय फजिती सांगू! बाया फुटक्या बादल्या बदलून घ्यायला बाहेर यायच्या, पापड बघून परत जायच्या. पोरं टेम्पोजवळ उभी राहून एकदा माझ्याकडं आणि एकदा बलभीमच्या मिटल्या तोंडाकडं बघायची. लोहाऱ्याची जैनबबी, आमचं जुनं गिऱ्हाईक, तिनं तर कमरेवर हात ठेवून विचारलं, "क्या गं सत्यभामा, आवाज बादलीचा अन् माल पापडाचा? ही कोणती रीत?"

"बदलायचाय, जैनबबी. बदलू."

"अगं कधी? पापड मऊ पडल्यावर?"

पापड मऊ पडतच होते. टेम्पोत घातलेला माल तसाच घरी यायचा. सत्यभामा एकदा धीर करून म्हणाली, "अहो, नवं भरू या का? असंच चाललं तर टेम्पो विकावा लागंल कुणाला तरी." बलभीमनं पाटी ओढली आणि खडू मोडेल इतक्या जोरानं लिहिलं, "ते पुसलं तर माझा भरवसा पुसला."

 जैनबबीचा मुलगा फिरोज मोबाईल दुरुस्त करतो. सत्यभामानं त्याला गाठलं. फिरोजनं माझ्या तोंडाशी मोबाईल धरून तो आवाज उचलला. आला, पण नुसता खरखराट. हसू तर कुठल्या कुठं गेलं. सत्यभामानं कानाशी धरून ऐकलं आणि मोबाईल परत दिला. "हे आमचे मालक न्हाईत, भाऊ. पुसून टाक."

म्हणजे बलभीमचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता. माझ्या पोटात. आणि घर चालायचं तर तो जायला हवा होता.

त्या गुरुवारी लक्ष्मम्मानं तीच गोष्ट काढली. बलभीम आत येऊन बसला. सगळं वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "तो मुका होता तोवर त्या घरात बोललं कोण?"

 उत्तर देणारा आता बोलत नव्हता. तिनं पुन्हा वाचलं, सावकाश. नातेवाईक म्हणाले, मुलाला बापाचं नाव ठेवू. आई म्हणाली, न्हाई, देवानं सांगितलेलं ठेवायचं. बाईचं कोण ऐकतं? ते मुक्या बापाकडं वळले, खुणा करून विचारलं. त्यानं पाटी मागितली.

"आणि पाटीवर काय लिहिलं त्यानं? स्वतःचं काय लिहिलं का?" लक्ष्मम्मा म्हणाली. "बायको जे बोलली तेच लिहिलं. देवाचं काम त्याच्या आवाजापायी अडून राहिलं न्हवतं, बलभीम. ते तिच्या तोंडून चाललं होतं."

बलभीमनं पुस्तक पुढ्यात ओढलं. बोट त्या ओळीवर नेलं. धंद्याचा माणूस, रोज त्याचं बोट थेट नफ्याच्या ओळीवर, तोंड उघडलं तिथं, जाऊन पडायचं. वरची ओळ त्यानं कधी वाचलीच नव्हती. आज बोट तिथं थांबलं.

मग तो उठला आणि त्यानं मला खुंटीवरून काढलं.

"अहो, नगा," सत्यभामा म्हणाली. "म्या न्हाय बोलायची. तुमचं हसू जाईल त्यातलं."

त्यानं मला एकदा वाजवलं. आला, आला, बलभीम आला. त्या छोट्या खोलीत तो आवाज मावत नव्हता. सत्यभामा पदर तोंडाशी धरून शेवटच्या हसण्यापर्यंत ऐकत राहिली. मग बलभीमनं मला तिच्या तोंडापुढं धरलं आणि लाल बटण दाबलं.

"चटणी... शेंगाची चटणी घ्या. पापड घ्या," ती पुटपुटली.

आणि सगळ्यांनी बलभीमकडं बघितलं. गोष्टीत तोंड उघडतं ते याच वेळी. लक्ष्मम्मानंसुद्धा चष्मा वर सरकवला. मीही वाट बघितली. बलभीमचे ओठ हलले. गळ्यावरचं पांढरं कापड आत गेलं, बाहेर आलं. आवाज आला नाही.

त्यानं डोळे पुसले. मग हात वर करून बायकोला खूण केली: मोठ्यानं! हे काय बोलणं झालं? पुन्हा बटण दाबलं. ती चिडली, "लई शिकवू नगा मला!" आणि त्या रागातच अशी खणखणीत ओरडली की माझा कर्णा थरथरला. तेच आता माझ्या पोटात आहे.

माल खपतोय. टेम्पो दारातच आहे. गुरुवारी बलभीम डोळे मिटून ऐकतो. प्रश्न आला की बोटानं सत्यभामाकडं दाखवतो आणि ती काय म्हणेल याची वाट बघतो. "माझा बी येणार" हे त्यानं पाटीवर पुन्हा लिहिलं नाही. "तुझी मर्जी" असं लिहिलेलं मात्र मी पाहिलं, आणि ते लिहिताना खडू मोडला नाही.

तो सुधारला. माझंच काही खरं नाही. मला त्याचा आवाज हवाय. येरमाळ्याच्या यात्रेत गर्दीवरून तो कसा जायचा, ते मला हवंय. हे देवाला सांगावं म्हटलं तर माझी अडचण अशी की गोष्ट सांगता येते, पण प्रार्थनेला मला माझे शब्द नाहीत; तिथं दुसऱ्यानं भरलेलंच बोलता येतं. म्हणून तुम्हाला थांबवलं. तुम्ही हात जोडत असाल, गुडघे टेकत असाल, ज्याला जसं जमेल तसं, तर त्यात एकदा माझ्या धन्याचं नाव घ्या. मोठ्यानं घ्यायची गरज नाही, असं लक्ष्मम्मा म्हणते.